परदेशात राहून कर्वेनगरचं ३५० चौरस फुटांचं घर आईसाठी दुरुस्त करायचंय

मृण्मयी_आइंडहोवन

कर्वेनगरला आमचा वन बीएचके आहे. पहिला मजला, लिफ्ट नाही, इमारत १९८६ ची, कार्पेट जेमतेम ३५० चौरस फूट. हॉल १० बाय १३, बेडरूम १० बाय १०, स्वयंपाकघर ७ बाय ८. संडास ३ बाय ४ आणि त्याला लागून न्हाणीघर ४ बाय ४. बाबा गेल्यापासून आई एकटीच राहते. ती ७२ वर्षांची आहे, गुडघे कामातून गेलेत आणि संडास अजून भारतीय पद्धतीचाच आहे. त्यावर प्लास्टिकची खुर्ची ठेवून भागवते. मागच्या पावसाळ्यात ती खुर्ची सरकली. थोडक्यात निभावलं, पण तेव्हापासून मला इथे झोप लागत नाही.

दिवाळीनंतर काम काढायचं ठरवतेय. तेवढे दिवस आई साताऱ्याला मावशीकडे राहील. मला सलग दोन आठवड्यांची रजा मिळेल, जास्त नाही. मनातली यादी अशी: संडास-न्हाणीघर एक करून कमोड, सगळं वायरिंग नवीन, हॉल आणि स्वयंपाकघरामधली भिंत पाडून ओपन किचन, जुन्या मोझाइकवर नवीन टाइल्स, आणि आम्ही येऊ तेव्हा झोपायला हॉलमध्ये भिंतीत मिटणारा पलंग. एका ठेकेदाराने सगळ्याचा मिळून एकच आकडा सांगितला आहे आणि निम्मे पैसे आगाऊ मागतोय.

दुरून हे कसं सांभाळायचं? आणि माझे दोन आठवडे नेमके कधी वापरू? ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

ओळंबा

मी निवृत्त स्थापत्य अभियंता आहे. बाकी कशाच्याही आधी त्या भिंतीबद्दल बोलू. १९८६ ची तळमजला अधिक दोन-तीन मजल्यांची इमारत लोड बेअरिंग असण्याची बरीच शक्यता आहे. म्हणजे स्लॅबचा भार खांबांवर नाही, भिंतींवरच. अशा इमारतीत नऊ इंची भिंत पाडणं म्हणजे वरच्या मजल्यावरच्यांच्या पायाखालचा आधार काढणं. ठेकेदार "काही होत नाही, वरून चॅनल टाकू" म्हणतील. ऐकू नका.

आईंना एक काम सांगा. हॉलमधून स्वयंपाकघरात जायच्या दाराची चौकट काढल्यास भिंतीची जाडी किती हे कळतं. चौकट न काढताही दारापाशी भिंतीच्या दोन्ही बाजूंमधलं अंतर टेपने मोजता येईल. प्लास्टरसकट साधारण साडेपाच इंच आलं तर ती अर्ध्या विटेची भिंत, दहा इंच आलं तर एका विटेची. शिवाय छताला कुठे बीम उतरलेले दिसतात का, कोपऱ्यांत खांबांचे कोन पुढे आलेत का, त्याचे फोटो टाका.

केतकी_पुणे

ओळंबाकाकांना +१. माझे दोन प्रश्न. सोसायटीत रिडेव्हलपमेंटची चर्चा चालू आहे का? कर्वेनगर-कोथरूडला त्या वयाच्या इमारतींमध्ये एक आड एक सोसायटीत ती चालू आहे. आणि फ्लॅट सध्या कोणाच्या नावावर आहे?

मृण्मयी_आइंडहोवन

काका, आईने मोजलं: सव्वादहा इंच. छताला बीम कुठेच नाहीत, खांबही दिसत नाहीत. संडास आणि न्हाणीघरामधली भिंत मात्र साडेपाच इंच आहे.

केतकी, रिडेव्हलपमेंटबद्दल आईला नीट माहीत नाही, "मीटिंगमध्ये कोणीतरी बोलत होतं" एवढंच म्हणाली. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट अजून बाबांच्याच नावावर आहे. नॉमिनी आई आहे.

ओळंबा

मग ओपन किचन विसरा. इमारत लोड बेअरिंग आहे आणि ती भिंत काम करते आहे. त्या भिंतीत मोठी खिडकी पाडू नका, खोल आडव्या झिऱ्याही (पाइप-वायरसाठी भिंतीत कोरायच्या खाचा) मारू नका. वायरिंगच्या झिऱ्या उभ्या घ्या, आडवं जायचं असेल तर छतालगत पट्टी केसिंग (भिंतीवरून जाणारी वायरची झाकपट्टी) चालवा. दिसायला थोडं जुनं दिसेल, पण भिंत शाबूत राहील.

संडास-न्हाणीघरामधली अर्ध्या विटेची भिंत बहुतेक काढता येईल, पण तीही डोळे मिटून नाही. त्या काळी या दोन्हींवर मिळून माळा टाकत आणि त्यावर पाण्याची टाकी ठेवत. ५०० लिटरची भरलेली टाकी म्हणजे ५०० किलो. माळ्याची फरशी त्या मधल्या भिंतीवर टेकलेली असेल तर आधी टाकी उतरवायची, माळा काढायचा, मग भिंत. स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा घरी बोलवा आणि लेखी दोन ओळी घ्या. सोसायटीच्या परवानगीच्या अर्जाला ते पत्र जोडता येईल आणि खालचे-वरचे शेजारीही निर्धास्त होतील.

सोसायटीला हेही विचारा की शेवटचं स्ट्रक्चरल ऑडिट कधी झालं. उपविधींनुसार ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी व्हायला हवं. तो अहवाल मागून वाचा. तुमच्या छताच्या स्लॅबमधल्या सळया गंजल्या असतील तर रंग-टाइल्सच्या आधी तिथे खर्च करावा लागेल.

निशिगंध

मी आर्किटेक्ट आहे, छोट्या घरांची कामं बरीच करते. मृण्मयी, तुझ्या यादीतला संडास-न्हाणीघराचा मुद्दा सगळ्यात मोठा आहे आणि बाकीची यादी त्याच्या मागे उभी राहू दे.

भिंत गेली की तुला साधारण सव्वासात बाय ४ ची एक खोली मिळेल. चार फूट रुंदीत कमोड लांबीच्या एका टोकाला, अंघोळीची जागा दुसऱ्या टोकाला आणि मधे छोटं बेसिन. दोन दारांपैकी एक बुजव. जे ठेवशील ते किमान अडीच फुटांचं कर आणि बाहेर उघडणारं ठेव. आत कोणी पडलं आणि दार आत उघडणारं असेल तर पडलेल्या माणसाच्या अंगानेच दार अडतं, बाहेरून कोणाला जाता येत नाही. वयस्कर माणसांच्या घरात मी यावर तडजोड करत नाही. कडी बाहेरून उघडता येईल अशी घे.

कमोडची सीट नेहमीची पंधरा-सोळा इंचांवर येते. आईंसाठी सतरा ते एकोणीस इंच बघ. त्या उठताना हात कुठे टेकवतात ते पाहून ग्रॅब बारची (भिंतीवर बसवायचा आधाराचा दांडा) उंची ठरव, कॅटलॉग पाहून नाही. बार पक्क्या विटेत अँकर फास्टनरने बसवायचा, नुसत्या प्लगवर नाही, आणि त्याची जागा टाइल्स लागायच्या आधी ठरलेली हवी. म्हणजे त्या ठिकाणी पाइप किंवा वायर जाणार नाही. फरशी मॅट, तीही लहान मापाची. लहान टाइलला सांधे जास्त येतात आणि पाय कमी घसरतो. उंबरा अर्ध्या इंचाहून जास्त नको.

दुरून खरेदी करतेस म्हणून एक खास सूचना. कमोड ऑनलाइन मागवण्याआधी एस ट्रॅप (आउटलेट खाली फरशीत) की पी ट्रॅप (आउटलेट मागे भिंतीत) हे नक्की कर. एस ट्रॅप असेल तर मागच्या भिंतीपासून आउटलेटच्या मध्यापर्यंतचं अंतर विचार, आणि तेही टाइल लागल्यानंतरच्या भिंतीपासून. प्लंबर विटेपासून मोजून सांगतात आणि कमोड आला की भिंतीला टेकत नाही.

भिंतीत मिटणाऱ्या पलंगाच्या मी विरोधात आहे, या घरापुरती तरी. मिटलेला असतानाही तो सोळा ते अठरा इंच खोली खातो, १० फुटी हॉलमध्ये ते रोज जाणवतं. आईंना तो एकटीने उघडता-मिटता येणार नाही. तुम्ही येणार वर्षातून दोन-तीन आठवडे, त्या राहणार बाराही महिने. खाली सामान ठेवता येईल असे दोन सुटे दिवाण करा. एरवी एल आकारात बसायला, तुम्ही आलात की जोडून झोपायला.

सुहास_एनजे

मी न्यू जर्सीत राहून सहकारनगरचं वन आरके करून घेतलं, भावाच्या मदतीने. दुरून काम करताना जे उपयोगी पडलं ते लिहितो.

मुख्य म्हणजे तुमची रजा शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवू नका. सगळे तेच करतात, घर तयार झालेलं बघायला येतात. तोपर्यंत जे बदलता येण्यासारखं होतं ते प्लास्टरच्या आत गेलेलं असतं. तोडफोड संपून भिंतीवर खडूने खुणा होतात, नळ इथे, प्लग तिथे, गीझर या उंचीवर, त्या दिवसांत तुम्ही घरात उभ्या असायला हव्यात. खडूची खूण पुसायला पैसे पडत नाहीत. छोट्या घरात तर चार इंचांनी चुकलेला प्लग म्हणजे कपाट सरकणार, कपाट सरकलं की दार पूर्ण उघडणार नाही.

झिऱ्यांमध्ये पाइप आणि वायरिंगचे कंड्युट बसले की प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचे फोटो घ्या, जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून टेप लावून. पुढे कधीही खिळा ठोकायचा असेल तर आईंना इकडूनच सांगता येईल की इथे नको, मागे पाइप आहे.

मालाचं असं. आयएसआयचा शिक्का मारलेल्या प्रत्येक वस्तूवर सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भाऊ त्याचा फोटो पाठवायचा आणि मी तिकडून बीआयएस केअर ॲपवर टाकून बघायचो. पाण्याजवळच्या प्लायवूडवर आयएस (भारतीय मानक) ७१० हवं, ते मरीन ग्रेड. कोरड्या जागी आयएस ३०३ मधलं बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यात टिकणारा प्रकार) चालतं. वायरच्या गुंडाळीवर आयएस ६९४. आमच्याकडे एकदा ७१० सांगून भलताच माल आला होता. फोटोवरून लक्षात आलं आणि सुताराने कापायच्या आत परत गेला.

पैसे टप्प्यांवर बांधा. निम्मे आगाऊ देऊ नका. सुरुवातीला माल आणण्यापुरते, मग तोडफोड, प्लंबिंग-वायरिंग, वॉटरप्रूफिंगची चाचणी, फरशी, सुतारकाम, रंग असं. आणि "सगळ्याचा मिळून आकडा" कधीच स्वीकारू नका. प्रत्येक कामाचं माप, दर आणि मालाचा ब्रँड वेगळा लिहून घ्या. जीएसटी आकड्यात धरलाय की वर, तेही. अशा कामावर तो १८ टक्के लागतो, म्हणजे शेवटी मोठाच फरक पडतो.

केतकी_पुणे

सुहास, बहुतेक पटलं, पण एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे. तुमच्याकडे भाऊ होता. मृण्मयीकडे इथे रोज जाणारं कोण आहे? मी माझ्या दिराचं घर करून दिलंय. कामावर रोज कोणीतरी नुसतं जाऊन उभं राहणं यातच निम्मं काम असतं. मिस्त्री चांगला असला तरी दोन साइट एकाच वेळी धरतो आणि ज्या घरात कोणी फिरकत नाही त्या घराचा गवंडी दुसरीकडे जातो. प्लास्टर झाल्यावर सात दिवस पाणी मारायला लागतं. रिकाम्या घरात ते कोण मारणार? त्यात गुरुवारी महापालिकेचं पाणी बंद असलं तर टाकी आदल्या दिवशी भरून ठेवायला कोण सांगणार?

त्यामुळे मृण्मयी, आधी माणूस ठरव, मग ठेकेदार. नातेवाईक नसेल तर साइट सुपरवायझरला आठवड्याच्या हिशोबाने पैसे देऊन नेम, पण तो ठेकेदाराचा माणूस नको. आणि शेजाऱ्यांना गृहीत धरू नकोस. किल्ली ठेवणं वेगळं आणि रोज बघणं वेगळं.

मृण्मयी_आइंडहोवन

सगळ्यांचे किती आभार मानू. केतकी, माझी आतेबहीण वारज्याला राहते, तिची मुलगी सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला विचारलं तर आनंदाने तयार झाली. रोज संध्याकाळी जाईल, तिला रीतसर मानधन द्यायचं ठरलंय.

रिडेव्हलपमेंटचं मात्र गंभीर आहे. सेक्रेटरीकाकांना फोन केला. मागच्या सर्वसाधारण सभेत विषय निघाला होता आणि दोन बिल्डरांकडून प्रस्ताव मागवायचं ठरलंय. आता मी गोंधळलेय. चार वर्षांत इमारतच पडणार असेल तर हे सगळं कशासाठी? आणि नाही केलं तर आईने तोपर्यंत त्याच खुर्चीवर बसायचं?

ओळंबा

प्रस्ताव मागवले म्हणजे इमारत पडली असं नाही. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे पुनर्विकासाच्या विशेष सभेला दोन तृतीयांश सभासद हजर लागतात आणि एकूण सभासदांपैकी निदान ५१ टक्क्यांची लेखी संमती लागते. त्यानंतर प्रकल्प सल्लागार, निविदा, विकासकाची निवड, करारनामा, महापालिकेची मंजुरी. सोळा-वीस सभासदांच्या सोसायटीत दोन घरांचा वाद निघाला तरी वर्षं जातात. मी अशा सभांना बसलो आहे.

पण एक काम आजच सुरू करा. शेअर सर्टिफिकेट आईंच्या नावावर करून घ्या. नॉमिनेशन असल्याने सोसायटी तात्पुरतं (प्रोव्हिजनल) सभासदत्व नोंदवून घेईल. नॉमिनी झालं म्हणजे पूर्ण मालकी आली असं नाही, वारसांचा हक्क राहतोच, म्हणून तुम्ही भावंडं असाल तर हक्कसोडपत्राचं वकिलांशी बोलून घ्या. तुम्ही परदेशात असल्याने सही इथे येऊन करणार की भारतीय दूतावासातून मुखत्यारपत्र करणार हेही आधी ठरवा. तिकडे केलेलं मुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं, ही मुदत बरेच लोक चुकवतात. नुसत्या दुरुस्तीच्या कामासाठी मुखत्यारपत्र लागत नाही, आईंच्या सहीचा सोसायटीला अर्ज पुरे.

निशिगंध

मृण्मयी, घाबरू नकोस, यादीची वाटणी कर. जे आईंच्या रोजच्या सुरक्षिततेचं आहे ते आत्ता आणि पूर्ण कर: न्हाणीघर, वायरिंग, स्वयंपाकघराच्या ओट्याची उंची. ही चार वर्षं त्यांच्या आयुष्यातली आहेत, ती बिल्डरच्या वेळापत्रकावर टांगून ठेवायची नाहीत. जे इमारतीला चिकटून राहणार आणि तिच्याबरोबर जाणार आहे त्यावर खर्च करू नकोस: फॉल्स सीलिंग, भिंतीभर कपाटं, महाग टाइल्स. जे उचलून नव्या घरात नेता येईल त्याला हात राखू नकोस. दिवाण, सुटं कपाट, चांगले पंखे, गीझर, फोल्डिंग टेबल. कपाट दोन भागांत बनवून घे, वरचा आणि खालचा, बोल्टने जोडलेला.

मोझाइकवर टाइल्स तर अजिबात नको. चिकटवायचं मिश्रण आणि टाइल धरून साधारण अर्धा-पाऊण इंच फरशी वर येते. मग सगळी दारं खालून तासा, आणि न्हाणीघराच्या उंबऱ्याचं गणित पुन्हा मांडा. लोड बेअरिंग इमारतीवर विनाकारण वजन वाढतं ते वेगळंच. चांगलं मोझाइक घासून पॉलिश केलं की सुंदर दिसतं. त्या काळची ती फरशी मला अजूनही आवडते.

ओट्याचं म्हणशील तर आईंच्या कोपरापेक्षा चार ते सहा इंच खाली त्याची उंची हवी. कोपर वाकवून उभं राहायला सांग आणि मोज. बत्तीस-चौतीस इंचांचा तयार आकडा कोणाच्याही माथी मारतात आणि बुटक्या बायका आयुष्यभर खांदे उचलून पोळ्या लाटतात.

सुहास_एनजे

निशिगंधशी सहमत. पैशांचं एक सांगायचं राहिलं. फ्लॅट आईंच्या नावावर होणार असेल तर बिलंही आईंच्याच नावाने घ्या आणि पैसे त्यांच्या खात्यातून चेकने किंवा ऑनलाइन द्या. मुलीने आईला पाठवलेल्या पैशांवर आईला आयकर लागत नाही. पुढे घर विकलं तर घरात केलेली कायमस्वरूपी सुधारणा भांडवली नफ्याच्या हिशोबात धरता येते, नुसता रंग किंवा फर्निचर नाही. रोख दिलेल्या आणि बिल नसलेल्या खर्चाचा तेव्हा काही उपयोग होत नाही. तुमचं स्वतःचं पुण्यातलं जुनं बचत खातं अजून तसंच असेल तर ते एनआरओ (अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं खातं) करून घ्या, नियमाने करावंच लागतं.

पेठेतला_वैभव

वाचतोय, फार उपयोगी धागा आहे. माझं नारायण पेठेत २८० चौरस फुटांचं घर आहे, मी दुबईला असतो. ऑगस्टमध्ये माझी रजा आहे, तेव्हा काम काढलं तर?

केतकी_पुणे

वैभव, ऑगस्ट नको. पावसात प्लास्टर आणि पुट्टी वाळत नाही, ओल्यावर रंग मारला की दिवाळीपर्यंत पोपडे सुटतात. आणि पेठेत गणपतीच्या दहा दिवसांत टेम्पो दारापर्यंत येणं विसरा. त्याच्या आधीपासून मांडव पडलेले असतात. माल लांब उतरवून डोक्यावरून आणायचा तर हमाली वाढते आणि वाटेत टाइल्सही फुटतात. दिवाळीनंतर धरा. फक्त सुतार-गवंडी दिवाळीला गावी जातात ते नक्की कधी परततात ते विचारून मगच तारीख ठरवा, बिहारकडचे लोक छठपूजा करून येतात. मार्चमध्ये पुन्हा होळीला जातात.

राडारोडा कुठे टाकणार हे ठेकेदाराकडून लिहून घ्या. रात्री नदीपात्रात नाहीतर टेकडीच्या कडेला ओतून येणारे पुष्कळ आहेत. महापालिकेचा त्यासाठी वाघोलीला प्रकल्प आहे. मुठेची अवस्था रोज बघतो आपण, निदान आपल्या घराच्या विटा तरी तिच्यात जायला नकोत.

ओळंबा

पेठेतलं घर जुन्या वाड्यात असेल तर मातीच्या भिंती आणि लाकडी तुळयांचा प्रश्न वेगळा. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे उरकण्यासारखा नाही.

मृण्मयी_आइंडहोवन

अपडेट देते. काम सुरू झालं आणि मी खडूच्या खुणांच्या वेळीच पुण्यात आले. सुहास, त्या सल्ल्याबद्दल मनापासून धन्यवाद. इलेक्ट्रिशियनने बेडरूमचा दिव्याचा स्विच दारामागे धरला होता, आईला रात्री अंधारात दार लोटून हात मागे घालावा लागला असता. तो पलंगाच्या उशाशी आणला, दाराजवळ दुसरा, टू वे. जुनी वायर ॲल्युमिनियमची निघाली आणि न्हाणीघराला अर्थिंगच नव्हतं. आता दिव्यांना दीड, प्लगना अडीच आणि गीझरला चार चौरस मिलीमीटरची तांब्याची वायर आहे, आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवलाय. वायर-स्विच तपकीर गल्लीतून घेतले, बिजागऱ्या आणि हँडल बोहरी आळीतून. भाची सोबत होती, आता दुकानदार तिलाच फोन करतात.

न्हाणीघराची फरशी उकरल्यावर खालचा जुना जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप हाताने मोडला, इतका कुजला होता. खालच्या काकूंच्या छताला ओल येत होती ती यामुळेच. सगळं सीपीव्हीसी (प्लास्टिकचे पाइप) केलं. काका, खड्ड्यात विटांच्या तुकड्यांऐवजी सिपोरेक्सचे (हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांचे) तुकडे भरायला सांगितलंय, वजन कमी व्हावं म्हणून. बरोबर आहे ना?

मी इकडे परत आलेय. आता हिवाळ्याची वेळ असल्याने साडेचार तासांचा फरक आहे. पुण्यात एक वाजता जेवायची सुट्टी होते तेव्हा इथे सकाळचे साडेआठ असतात, त्या वेळी मी मिस्त्रींशी व्हिडिओवर बोलते. तेव्हा त्यांचे हात रिकामे असतात आणि आवाज नसतो, त्यामुळे नीट बोलणं होतं.

ओळंबा

बरोबर आहे. सिपोरेक्स विटेच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं असतं. मात्र ते पाणी शोषतं, म्हणून खाली स्लॅबवर वॉटरप्रूफिंगचा थर पूर्ण झाल्यावर भरा आणि वरून पुन्हा एक थर घ्या. दोन्हींच्या मधे पाणी साठवून चाचणी करा. नहाणी ट्रॅप (फरशीतलं सांडपाण्याचं तोंड) बुच मारून बंद करायचा, दोन-तीन इंच पाणी भरायचं, पेन्सिलने पातळीची खूण करायची आणि किमान २४ तास तसंच ठेवायचं, ४८ असतील तर उत्तम. भाचीला दोन्ही वेळचे फोटो तारखेसह घ्यायला सांगा आणि खालच्या काकूंच्या छताचेही. ही चाचणी होईपर्यंत टाइल लावू देऊ नका, गवंडी कितीही घाई करोत.

रेवती_म

इथे विचारू का? माझ्या आईकडे पाइप गॅस आलाय, तर तिला न्हाणीघरात गॅस गीझर लावायचाय, पाणी पटकन तापतं म्हणून.

निशिगंध

रेवती, न्हाणीघराच्या आत अजिबात नाही. छोट्या बंद जागेत गॅस जळताना ऑक्सिजन कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस बेशुद्ध होतो तरी कळत नाही, यात जीव गेलेले आहेत. लावायचाच असेल तर हवेशीर बाल्कनीत आणि गरम पाण्याचा पाइप आत. वयस्कर एकट्या माणसासाठी मी पंधरा लिटरचा विजेचा साठवणीचा गीझरच सांगेन.

मृण्मयी_आइंडहोवन

चाचणी ४८ तास ठेवली, पातळी हलली नाही, काकूंचं छत कोरडं. त्यानंतर टाइल, ओटा, दिवाण, रंग असं सगळं होऊन आई परवा साताऱ्याहून घरी आली. ओटा तिच्या मापाने तीस इंचांचा झालाय. ग्रॅब बार तिला आधी नको होता, "दवाखान्यासारखं दिसतं" म्हणाली. आता कमोडवरून उठताना हात आपोआप तिकडे जातो, असं भाची सांगते.

शेअर सर्टिफिकेटवर आईचं नाव लागलं. पुढच्या सभेला ती सभासद म्हणून बसेल.

ठेकेदाराचे शेवटचे १० टक्के राखून ठेवलेत. करारात तसं लिहिलं होतं, तरी तो आता मागतोय. देऊन टाकू का? काम चांगलं केलंय त्याने.

ओळंबा

त्याला बोलावून सांगा की निम्मे आत्ता देते आणि निम्मे पावसाळा गेल्यावर, सप्टेंबर अखेर. न्हाणीघराची आतली गळती ४८ तासांत कळली, पण नवीन एक्झॉस्टसाठी बाहेरच्या भिंतीला पाडलेलं भोक आणि खिडकीच्या चौकटीच्या कडा पहिल्या सरींशिवाय कळत नाहीत. चांगला माणूस असेल तर ऐकेल. जूनमध्ये पहिल्या जोरदार पावसानंतर भाचीला त्या दोन जागा आतून हाताने चाचपायला पाठवा, फोटोवर ओल दिसत नाही.